फाटकाबाहेरच्या माणसाचा हक्क



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी शाळेबाहेरच्या वेळात दुसऱ्यांचे अर्ज लिहून देत. गिरणीतल्या नोकरीचे, एसटीतल्या नोकरीचे, गोदीतल्या नोकरीचे. कुडपण, साखर, ढवळे अशा डोंगरातल्या गावांची पोरं त्यांच्या ओसरीवर येऊन बसत. अर्ज लिहून झाला की गुरुजी त्याला एक जोडकार्ड लावत, मुलाचा पत्ता घातलेलं. उत्तर पाठवणाऱ्या साहेबाला पोस्टाचाही खर्च पडू नये, हा त्यामागचा विचार. नोकरी मिळेल न मिळेल, पण अर्जाला उत्तर यायला हवं, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. आज मी बोलणार आहे तो विषय हाच आहे. मंदीच्या काळात कंपन्या नोकरी मागायला आलेल्या माणसाशी कशा वागतात, आणि त्यांनी कसं वागायला हवं.

मंदी कंपनी आणत नाही, हे आधीच मान्य करतो. २०२३ पासून चीनचा स्वस्त माल जगाच्या बाजारात आला, रसायनांचे आणि शेतीऔषधांच्या कच्च्या मालाचे भाव कोसळले. अशा वेळी आपल्या महाडच्या एमआयडीसीतल्या मध्यम कारखानदाराने काय करावं? ऑर्डर नाही तर रिॲक्टर थंड, आणि रिॲक्टर थंड तर भरती बंद. ‘नोकरी द्याच’ अशी मागणी घेऊन मी इथे उभा नाही. पण मंदीत नोकरी देणं कंपनीच्या हातात नसलं, तरी दारात आलेल्या माणसाशी कसं वागायचं ते पूर्णपणे तिच्याच हातात असतं. आणि जिथे खर्च जवळजवळ काहीच नाही, नेमकी तिथेच सगळ्यात जास्त हेळसांड होते. याचं कारण माणसं दुष्ट आहेत असं नाही. ज्याला अजून कामावर घेतलेलं नाही, अशा माणसाला आपल्या कायद्यात आणि व्यवहारात जागाच ठेवलेली नाही, हे त्याचं कारण आहे.

या तालुक्याला हा प्रश्न नवा नाही. महाड तालुक्यातल्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त झाले आणि पुढे दापोलीला राहून त्यांनी अनार्य दोषपरिहारक मंडळी उभी केली. त्यांच्या लेखणीबद्दल आपण बोलतो, ‘विटाळ विध्वंसन’बद्दल बोलतो. पण १८९४ च्या सुमारास त्यांनी एक अर्ज तयार केला, त्याकडे मी आज लक्ष वेधतो. मुंबई इलाख्याच्या फौजेत ज्यांच्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली होती, त्या महार तरुणांना इंग्रज सरकारने भरतीतून वगळायला सुरुवात केली होती. काही जाती लढवय्या आणि काही नाहीत, असा सिद्धांत तेव्हा लष्करात रूढ होत होता. वलंगकरांचा अर्ज त्याविरुद्ध होता. नोकरी मागणाऱ्यांनी, आम्हाला का नाकारता याचं कारण द्या, असं सत्तेला विचारलेला या मातीतला हा फार मोठा दस्तऐवज आहे.

पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये त्याच सरकारने १११वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलं, खर्चकपात आली, १९२१ मध्ये पलटण मोडली. दुसरं महायुद्ध पेटलं आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. म्हणजे माणसं लढवय्यी आहेत की नाहीत, हा प्रश्न कधी नव्हताच. गरज असली की दार उघडायचं, गरज सरली की लावून घ्यायचं, आणि बाहेर राहिलेल्याला त्याच्यातच काही उणं आहे असं सांगायचं. मंदीतल्या भरतीचा हा स्वभाव तेव्हापासूनचा आहे. आज जातीचं नाव उघड घेत नाहीत. ‘प्रोफाइल मॅच होत नाही’ म्हणतात.

गिरणगावात हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. पोलादपूर, महाड, खेडची माणसं बोटीने आणि पायी मुंबईला गेली. गावाच्या नावाने घेतलेल्या खोल्यांत पाळीपाळीने झोपली आणि पहाटे गिरणीच्या फाटकाशी उभी राहिली. आत कोणाला घ्यायचं ते जॉबर ठरवत असे. दस्तुरी दिल्याशिवाय काम नाही, आणि काम टिकवायलाही पुन्हा दस्तुरी. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटले आयोगाने १९३१ च्या अहवालात या लाचखोरीची दखल घेतली. त्या आयोगावर ना. म. जोशी होते, आपल्या शेजारच्या गोरेगावचे. आयटकच्या उभारणीत त्यांचा किती मोठा हात होता ते आपण जाणतो.

महाडच्या सत्याग्रहानंतर एक वर्षाने, १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी, डॉ. आंबेडकरांनी उचललेला प्रश्नही भरतीचाच होता. साचा खात्यात, म्हणजे जिथे कापड विणलं जायचं आणि पगार जास्त मिळायचा तिथे, अस्पृश्य कामगाराला घेत नसत. धोट्यात नवी कांडी घालताना धाग्याचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि तो धोटा दुसऱ्याने वापरायचा म्हणजे विटाळ. संपाच्या मागण्यांच्या मूळ यादीत हा अन्याय कुठेच नव्हता. आत असलेल्यांच्या पगाराचा लढा मोठा होता, पण दाराशी अडवलेल्यांचा लढा त्यात धरलेला नव्हता. चवदार तळ्यावर पाणी घेण्याचा हक्क आणि साचा खात्यात शिरण्याचा हक्क बाबासाहेबांना एकाच जातीचे वाटले असणार, असं मला वाटतं.

मग जागतिक मंदी आली. गिरण्या बंद पडल्या, पाळ्या कमी झाल्या, फाटकाबाहेरची गर्दी वाढली. १९३५ मध्ये गिरणी मालक संघाने बदली कामगारांसाठी नियम केला. महिन्याच्या एक तारखेला ठरावीक लोकांना बदली कार्ड द्यायचं. कार्ड मिळालेल्यांनी रोज सकाळी गिरणीत हजर व्हायचं. कोणी गैरहजर असला तर त्या जागी कार्डवाल्यांतूनच माणूस घ्यायचा. या नियमावर टीका करायला पुष्कळ वाव आहे. रोज हजर राहायचं आणि काम नसेल तर रिकाम्या हाती परत जायचं, यात माणसाचा दिवस फुकट जातो आणि मालकाचं काहीच जात नाही. तरीही त्यात एक गोष्ट होती जी आज नाही. ज्याच्या हातात कार्ड होतं, त्याला आपण रांगेत आहोत हे माहीत होतं. ज्याला कार्ड मिळालं नाही, त्यालाही ते एक तारखेलाच कळत होतं.

१९८२ चा संप १८ जानेवारीला सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि संप कधी रीतसर मिटलाच नाही. पुढे गिरण्यांनी निवडून निवडून माणसं परत घेतली. महाड आणि पोलादपूर या आपल्या दोन्ही तालुक्यांत त्या वर्षांत परतलेले चाकरमानी अनेक घरांत होते. कोणी बोलावणं येईल म्हणून वाट बघत राहिला, कोणी भातशेतीला लागला, कोणी दारूला. ‘तुमची जागा आता नाही’ असं एक पत्र त्यांच्यापैकी अनेकांना कधीच आलं नाही. असं पत्र आलं असतं तर माणसं लवकर दुसऱ्या वाटेला लागली असती, असं त्या घरांतल्या बायका मला सांगतात, आणि मला ते पटतं.

आता कायद्याकडे येतो. आत असलेल्या कामगारासाठी आपल्याकडे बरंच काही आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने नियम घातला की कपात करताना नोटीस द्यायची, वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यायचा, सगळ्यात शेवटी आला त्याला आधी काढायचं. त्याच कायद्याच्या कलम २५-एच प्रमाणे, कंपनीला पुन्हा माणसं घ्यायची झाली तर काढलेल्यांना आधी विचारावं लागे. नव्या औद्योगिक संबंध संहितेने या अग्रहक्काला कपातीपासून एका वर्षाची मुदत घातली. मंदी वर्षाच्या आत संपतेच असं थोडंच आहे! पण मुदतीसकट का होईना, त्या माणसाचं नाव कायद्याला ठाऊक आहे. जो आत कधी गेलाच नाही, त्याचं नाव कायद्याला ठाऊक नाही. भरतीत स्त्री-पुरुष भेद करू नका, असं १९७६ च्या समान वेतन कायद्याने सांगितलं. पण अर्ज आला तर उत्तर द्या, जागा नसेल तर जाहिरात काढू नका, मुलाखतीला बोलावलं तर पगार सांगा, असं खासगी कंपनीला कुठलाच कायदा सांगत नाही.

या बाहेरच्या माणसासाठी एक प्रयत्न झाला होता. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते त्या काळात, १९४५ मध्ये, युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना काम लावून देण्यासाठी पुनर्वसन आणि रोजगार संचालनालय सुरू झालं. रोजगार विनिमय केंद्रं, ज्याला आपण एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणत आलो, त्यातून वाढली. १९५९ मध्ये कायदा झाला की पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेने रिकामी जागा भरण्याआधी ती केंद्राला कळवलीच पाहिजे. पण त्याच कायद्यात लिहिलं की केंद्रामार्फत माणूस घेण्याचं बंधन मालकावर नाही. आणि न कळवण्याचा दंड? पहिल्यांदा पाचशे रुपयांपर्यंत, नंतर हजारापर्यंत. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. पोलादपूरच्या मुलाला एक्स्चेंजचं कार्ड काढायला अलिबागला जावं लागे, जाऊन-येऊन अख्खा दिवस. ती कार्डं घराघरांतल्या पत्र्याच्या पेट्यांत आहेत. त्या कार्डावर बोलावणं आलेले लोक मला फार थोडे भेटले. जुलै २०२० मध्ये, टाळेबंदीत, राज्य सरकारने ‘महाजॉब्स’ हे पोर्टल गाजावाजाने सुरू केलं. त्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांत देशाच्या शहरांतली बेरोजगारी सुमारे २१ टक्क्यांवर गेली होती, हे सरकारच्याच श्रमशक्ती सर्वेक्षणाने सांगितलं. मुंबईहून चालत, टेम्पोतून पोलादपूरला आलेल्या मुलांनी मोबाइलवर नावं नोंदवली. नोंदणी झाल्याचा ओटीपी आला. पुढे?

आज काय चालतं, ते आता जवळून बघू. बिरवाडीच्या बाजूला एमआयडीसीत कुठल्याही सोमवारी सकाळी जा. जनरल शिफ्ट आत गेली की फाटकांशी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये बायोडाटा घेतलेली मुलं दिसतात. आयटीआयचे फिटर, इलेक्ट्रिशियन, एओसीपी, म्हणजे केमिकल प्लांट ऑपरेटरचा ट्रेड, झालेले. बी.एस्सी. केमिस्ट्रीवाले. लोणेऱ्याहून इंजिनिअर झालेले. सिक्युरिटीच्या केबिनमध्ये वही असते. नाव, गाव, मोबाइल, कोणाला भेटायचं. मुलगा ‘एचआर’ असं लिहितो. गार्ड आत फोन लावतो आणि सांगतो, बायोडाटा ठेवून जा, साहेब बघतील. गार्डवर माझा राग नाही, तो बिचारा स्वतःच ठेकेदाराकडचा माणूस. कागद टेबलाखालच्या खोक्यात जातो. त्याच्यासोबत आधारची झेरॉक्स, गुणपत्रिकेची झेरॉक्स, एक पासपोर्ट फोटो.

त्या खोक्याचं पुढे काय होतं, हे मी एका निवृत्त एचआर अधिकाऱ्यांना विचारलं. कंपनीचं नाव सांगायची गरज नाही. ते म्हणाले, “खोकं भरलं की रद्दीत जातं. मधेच वरून कोणाची चिठ्ठी आली तर त्या मुलाचा कागद आम्ही खोक्यातून शोधून काढतो.” म्हणजे अर्ज हा अर्ज राहिलेलाच नाही, चिठ्ठी आली तर फाइलला लावायचा कागद तेवढा आहे. मंदीत चिठ्ठीचं महत्त्व फार वाढतं. जागा दोन आणि उमेदवार दोनशे झाले की निवड करण्याचे कष्ट नकोसे होतात, आणि ओळखीतून घेतलेला माणूस सोयीचा वाटतो. जॉबर गेला असं आपण समजतो. त्याचं काम आता कधी ठेकेदार करतो, कधी गावचा पुढारी करतो. पैसेही घेतले जातात. या सभागृहात बसलेल्या किती जणांनी ‘डिपॉझिट’ म्हणून, ‘युनिफॉर्मचे’ म्हणून पैसे दिलेत, ते मी विचारत नाही, कारण कोणी हात वर करणार नाही.

पोलादपूर तालुक्यातली एक मुलगी माझ्या ओळखीची आहे. एम.एस्सी. झालेली, एका लॅबमध्ये क्यूसीला काम करणारी. दुसऱ्या कंपनीने बोलावलं. तीन फेऱ्या झाल्या. एचपीएलसी हे तपासणीचं यंत्र चालवून दाखवायला सांगितलं, तिने दाखवलं. मेडिकल स्वतःच्या पैशाने करून घेतलं. ऑफर लेटर हातात आल्यावर तिने आधीच्या ठिकाणी राजीनामा दिला, नोटीस पिरियड पुरा केला. रुजू होण्याच्या आदल्या आठवड्यात फोन आला, जॉइनिंग सध्या होल्डवर आहे. कधीपर्यंत, ते सांगितलं नाही. जुन्या जागेवर दुसरी मुलगी आली होती. काही दिवसांनी ज्या नंबरवरून बोलावणं आलं होतं तो नंबर उचलायचा बंद झाला. आणि त्याच पदाची जाहिरात नोकरीच्या संकेतस्थळावर अजून चालू होती. तिने स्वतः मला मोबाइलवर उघडून दाखवली. मंदीतही आम्ही वाढतोय असं भासवायला, पुढे कधी लागले तर नावं हाताशी असावीत म्हणून, अशा जाहिराती ठेवतात. त्या प्रत्येक जाहिरातीमागे कोणीतरी वाड्यावरून एसटीने येतो, त्या दिवसाची मजुरी बुडवतो.

हे लहान कंपन्यांपुरतं आहे असं समजू नका. २०२३ च्या सुरुवातीला विप्रोने, साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या नव्या मुलांना साडेतीन लाखांवर या, असं कळवलं. इन्फोसिसने २०२२ मध्ये निवडलेल्या सुमारे दोन हजार मुलांना रुजू करून घ्यायला इतका उशीर लावला की पुण्याच्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचारी संघटनेने २०२४ मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. त्यानंतर मुलांना तारखा मिळाल्या. विचार करा, एवढ्या मोठ्या, नावाजलेल्या कंपनीकडून ‘कधी’ या प्रश्नाचं उत्तर मिळवायला मंत्रालयापर्यंत जावं लागतं. महाडच्या एमआयडीसीत होल्डवर असलेल्या मुलीने कोणाकडे जायचं?

शिकाऊ उमेदवारीतही हेच दिसतं. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा मुलाला शिकण्याची सोय देतो, पण शेवटी नोकरी द्यायला मालक बांधील नसतो. चांगल्या काळात कंपन्या त्यातून निवडून माणसं घेतात. मंदीत काय होतं? एक तुकडी संपली की दुसरी येते, काम तेच, मशीन तेच, आणि जागा कधी भरलीच जात नाही. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ पासून बारावी झालेल्याला सहा हजार, आयटीआय-डिप्लोमावाल्याला आठ हजार, पदवीधराला दहा हजार विद्यावेतन सुरू झालं. मुदत आधी सहा महिने, मग अकरा. मुदत संपल्यावर काय, हे विचारायला मुलांना मोर्चे काढावे लागले. पहिल्या दिवशीच ‘अकरा महिन्यांनी इथे जागा नसेल’ असं सांगितलं असतं, तर त्या अकरा महिन्यांत मुलगा शहाणपणाने पुढची तयारी करू शकला असता.

आणि मग ‘गॅप’. मुलाखतीत विचारतात, मधली दोन वर्षं काय केलंत? २२ जुलै २०२१ च्या महापुरात हे महाड शहर बुडालं, त्याच दिवशी तळीये गावावर दरड कोसळली. त्याआधीच्या वर्षी टाळेबंदी आणि निसर्ग वादळ. कितीतरी घरांत मूळ गुणपत्रिका चिखलात गेल्या. लोकांनी त्या पंख्याखाली, चुलीजवळ वाळवल्या. बोर्डाच्या, विद्यापीठाच्या दुय्यम प्रती मिळवायला महिने गेले. त्या काळातली गॅप म्हणजे आळस नव्हे. पुण्या-मुंबईच्या मुलाखतकाराला हे ठाऊक नसेल. पण महाडमध्ये कारखाना चालवणाऱ्याच्या स्वतःच्या गोदामातही पाणी शिरलं होतं ना? मग त्याच्या एचआरने हा प्रश्न आरोपासारखा का विचारावा?

कामाविना नुसतं थांबून राहिलेल्या माणसाचं काय होतं, याचा फार जुना अभ्यास आहे. ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल या गावातली कापडगिरणी मंदीत बंद पडली. मारी याहोडा आणि तिचे सहकारी तिथे गेले आणि १९३३ मध्ये त्यांनी पुस्तक प्रसिद्ध केलं. माणसांच्या हाताशी वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं होतं. पुरुष रस्त्याने सावकाश चालत, वाटेत थांबत. काम गेल्याने वेळ मोकळा होत नाही, वेळेचा आकारच जातो. मी हे वाचलं आणि मला आपल्या नाक्यावरची, पुलाच्या कठड्याशी बसलेली मुलं आठवली. ती आळशी नाहीत. कोणीतरी त्यांना ‘सांगतो’ म्हटलंय आणि ती सांगण्याची वाट बघताहेत.

याहून गंभीर परिणाम आतल्या कामावर होतो. वर्षभर फाटकाशी ताटकळलेला माणूस आत घेतला की तो प्रश्न विचारत नाही. या ड्रममध्ये काय आहे, मास्क कुठला लावायचा, प्रशिक्षण कधी होणार, असं विचारलं तर पुन्हा बाहेर जावं लागेल, ही भीती त्याच्या मनात असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या एमआयडीसीत स्फोट झाला आणि अकरा कामगार गेले. त्या एका घटनेचं कारण मी इथे ठरवत नाही. पण रसायनांच्या वसाहतीत न विचारणारा कामगार हा सगळ्यांनाच धोका आहे, कारखान्याला आणि शेजारच्या गावालाही. तो न विचारणारा कसा झाला, तर फाटकाबाहेर झाला.

‘लोकल नको’ हे कारखान्यांचं म्हणणं तुम्ही सगळ्यांनी ऐकलं आहे. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के स्थानिकांना घ्यावं, असा शासनाचा निर्णय आहे, पण त्यात पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिलेला कोणीही स्थानिक धरला जातो. ज्यांची शेतं वसाहतीसाठी गेली, त्यांची चीड मला समजते. पण एक सांगतो. बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातून ठेकेदाराने आणलेल्या मुलाची अवस्था आपल्या मुलापेक्षा बरी नाही. त्याला तर फाटकापर्यंतही एकट्याने येता येत नाही. नोकरी मागणाऱ्याला इज्जतीने वागवा, ही मागणी त्याच्यासकट करायला हवी, नाहीतर १९२८ च्या यादीची चूक आपणही करू.

‘हे सगळं व्यवहारात शक्य नाही’ असं कारखानदार मला सांगतात. एक एचआर अधिकारी, शेकडो बायोडाटे, उत्तर देणार कसं? जगात शक्य झालं आहे. जपानमध्ये कॉलेज सोडण्याआधी कंपनी मुलाला नेमणुकीचा शब्द देते. तो शब्द म्हणजे करारच, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये ठरवलं. २००८ च्या मंदीत कंपन्या असे शब्द मागे घेऊ लागल्या, तेव्हा २००९ मध्ये सरकारने अशा कंपन्यांची नावं जाहीर करता येतील असा नियम केला. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून, पंचवीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला जाहिरातीत पगार लिहावा लागतो, जागा खरोखर रिकामी आहे की नाही ते सांगावं लागतं, आणि मुलाखत घेतली तर ४५ दिवसांत निर्णय कळवावा लागतो. पंचवीस कर्मचारी! आपल्या १९५९ च्या कायद्यातला आकडाही हाच. आपण तो लिहून ठेवला आणि विसरलो.

कायदा होईल तेव्हा होवो. महाडमध्ये मुंबई-दिल्लीची वाट न बघता करता येईल असं पुष्कळ आहे, आणि ते महाड मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनने मनावर घ्यावं अशी माझी हात जोडून विनंती आहे. वसाहतीच्या प्रवेशाशी एक फलक असावा. कुठल्या कारखान्यात कुठली जागा, कायम की ठेक्यावर, किती महिन्यांसाठी, पगार किती, हे दर सोमवारी त्यावर लागावं. ज्या आठवड्यात एकही जागा नसेल त्या आठवड्यात तसं लिहावं. कुडपणचा मुलगा फलकाचा फोटो मागवून घेईल, त्याचा एक दिवस वाचेल. बायोडाटा घेतला तर गार्डने तारीख टाकलेली पोच द्यावी आणि तीस दिवसांत एक एसएमएस जावा. हजार एसएमएसचा खर्च एका अधिकाऱ्याच्या जेवणाइतकाही नाही. मेडिकल कंपनीच्या खर्चाने व्हावं. ऑफर लेटर दिल्यावर रुजू होणं पुढे ढकललं, तर लेखी कळवावं, तारीख द्यावी, आणि माणसाने राजीनामा दिलेला असेल तर निदान एका महिन्याचा पगार द्यावा. आधार आणि गुणपत्रिकांच्या झेरॉक्स रद्दीवाल्याकडे जाता कामा नयेत. मुदत संपली की त्या फाडून नष्ट कराव्यात. ठेकेदाराने पैसे घेतल्याचं सिद्ध झालं तर त्याचा ठेका संपवावा. यातली शेवटची गोष्ट कठीण आहे, मी जाणतो, कारण ठेकेदार कोणाची माणसं असतात ते आपल्याला माहीत आहे. म्हणूनच ती एका कारखान्याने एकट्याने करायची नाही, सगळ्यांनी मिळून करायची.

आणि आपण? महाडच्या आणि पोलादपूरच्या महाविद्यालयांनी, आयटीआयने, लोणेऱ्याच्या विद्यापीठाने एक नोंदवही ठेवावी. आपला विद्यार्थी कुठे अर्ज घेऊन गेला, कधी, पोच मिळाली का, मुलाखत झाली का, पगार सांगितला का, निर्णय कळवला का, पैसे मागितले का. मुलाचं नाव झाकून दर सहा महिन्यांनी ती नोंद असोसिएशनसमोर आणि कामगार उपायुक्त कार्यालयासमोर ठेवावी. जी कंपनी उत्तर देते तिचंही नाव त्यात यावं, मोठ्या अक्षरात यावं. अशा कंपन्या आहेत. आपल्या वसाहतीत जागा नसतानाही मुलाला आत बोलावून, चहा देऊन, सहा महिने भरती नाही, तू लोटे एमआयडीसीत बघ, असं स्पष्ट सांगणारे अधिकारी मी पाहिले आहेत. त्या मुलाला नोकरी मिळाली नव्हती, पण तो फाटकातून ताठ बाहेर आला आणि दुपारच्या एसटीने खेडच्या बाजूला गेला. अशा नोंदी साठल्या तर आमदारांकडे, कामगार मंत्र्यांकडे जाताना आपल्या हातात तक्रार नसेल, पुरावा असेल. नोंदवहीचा नमुना मी छापून आणला आहे, तो बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. प्राचार्यांनी आणि प्लेसमेंट पाहणाऱ्या शिक्षकांनी जाताना एकेक प्रत घ्यावी. पहिली सहामाही या जूनपासून धरू.